भिंतीवरचे कॅलेंडर वापरण्याची शास्त्रोक्त पद्धत

कॅलेंडर दिवाणखान्यात टांगू नये. तिथे पाहुणे तारीख बघायला जातात आणि आपल्याकडचा सिलिंडर किती दिवस पुरतो ते वाचून येतात. योग्य जागा म्हणजे फ्रिजशेजारची भिंत, जिथे पंख्याचा वारा पोचत नाही आणि फोडणीचे शिंतोडे पोचतात. खिळा जुनाच वापरावा. गेल्या वर्षीचे कॅलेंडर लगेच काढू नये, नवे त्याच्यावरच चढवावे; डिसेंबरच्या दुधाचा वाद फेब्रुवारीपर्यंत चालतो.

पतपेढी, सराफ आणि नगरसेवक यांच्याकडून फुकट येणारी कॅलेंडरे नाकारू नयेत, पण टांगूही नयेत. त्यांत नगरसेवक मोठा आणि तारखा मुंगीएवढ्या असतात. कॅलेंडर विकतच घ्यावे. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली ‘कालनिर्णय’ काढले, तेव्हापासून तिथी, सणवार आणि मागच्या बाजूची पाककृती असा निम्मा संसार एका खिळ्यावर लटकतो आहे. तिथी मोबाइलमध्येही सापडते. फक्त तो मोबाइल ज्याच्या खिशात असतो, तो नेमका बाहेर गेलेला असतो.

आता नोंदींकडे वळू. खरे कौशल्य इथेच लागते. खिळ्याला सुतळीने बॉलपेन बांधण्याची प्रथा आहे, ती चुकीची आहे. भिंतीवर लिहिताना पेन आडवे धरावे लागते, शाई टोकाकडे यायची सोडून मागे राहते आणि दोन अक्षरांत पेन बंद पडते. मग लोक ते झटकतात, रिफिल तळहातांत चोळतात, शेवटी कॅलेंडरच उतरवून ओट्यावर घेतात, तोवर काय लिहायचे होते ते विसरलेले असतात. पेन्सिल बांधावी. दुधाचा खाडा फुलीने मांडावा, जादा अर्धा लिटर घेतले तर तसे लिहावे, नवा सिलिंडर लावला त्या तारखेत ‘गॅस’. कामाच्या मावशींचा खाडा त्यांच्यादेखत मांडावा. मागाहून मांडलेल्या खाड्याला स्वयंपाकघरात किंमत नाही. एखाद्या तारखेवर नुसते बारीक टिंब दिसले, तर ते कशाचे, असे पुरुषमंडळींनी मोठ्याने विचारू नये.

संकष्टीला चंद्रोदय बघताना आपल्या गावाची वेळ बघावी. नागपुरात चंद्र मुंबईच्या सुमारे २५ मिनिटे आधी उगवतो. मुंबईची वेळ धरून बसलेला नागपूरकर तेवढा वेळ उगाच उपाशी राहतो, आणि त्याचे जादा पुण्य मिळते की नाही याबद्दल शास्त्र गप्प आहे. २०२३ सारखा अधिक श्रावण आला, तर मटण नेमके किती दिवस बंद, हा प्रश्न कॅलेंडरला न विचारता आजीकडे न्यावा.

पान उलटण्यापूर्वी फुल्या मोजून दुधाची रक्कम कोपऱ्यात लिहावी. हे काम घाईत केल्यास महिना आपल्या अंगावर पडतो.

घरातला मुलगा म्हणेल, “आई, मी ॲपमध्ये टाकतो ना सगळं.” टाकू द्यावे. महिनाअखेर दूधवाला दारात आला, की मात्र कॅलेंडर उतरवून त्याच्यापुढे धरावे. पैसे तो खुशाल क्यूआर कोडवर घेतो, पण हिशेब फुल्यांचाच मानतो.