दोन दशांश स्थळांपर्यंत

इक्विटी रिसर्च अॅनालिस्टची आई शेजारीपाजारी 'मुलगा बँकेत आहे' एवढंच सांगते. तिचं चुकत नाही. मराठी मध्यमवर्गीय घरात शेअर बाजाराचं नाव अजूनही जरा आवाज उतरवून घेतात. प्रत्येक घराण्यात एक तरी काका असा निघतोच, ज्याने 1992 साली प्रॉव्हिडंट फंडातून उचल घेऊन शेअर घेतले, पाठोपाठ हर्षद मेहताचं प्रकरण बाहेर आलं आणि काकूंच्या पाटल्या गेल्या. मुंज असो की बारसं, त्या पाटल्यांचा विषय पहिली पंगत उठायच्या आत निघतो. अशा घरात 'बँकेत आहे' म्हटलं की स्थळं बरी येतात. आणि तसा तो रोज जातो वांद्रे-कुर्ला संकुलातच. तिथे जिकडे बघाल तिकडे बँकांच्याच पाट्या.

वडिलांना मात्र नेमकं काय ते हवं असतं.

"तू शेअर घेतोस?"

"नाही."

"विकतोस?"

"नाही. कुठला घ्यावा, कुठला विकावा, ते लिहून देतो."

"कुणाला?"

"म्युच्युअल फंडवाल्यांना, विमा कंपन्यांना."

"त्यांना कळत नाही?"

"कळतं ना. त्यांच्याकडे त्यांचे स्वतःचे अॅनालिस्ट असतात."

वडील पुन्हा पेपरात डोकं घालतात. पाटबंधारे खात्यात उभी हयात काढलेल्या माणसानेही इतकी बिनगरजेची नोकरी पाहिलेली नसते.

हा प्राणी घडतो कसा, तेही बघण्यासारखं आहे. गणितात मार्क पडले म्हणून इंजिनिअरिंग, यंत्रांचा कंटाळा आला म्हणून एमबीए, आणि वर्गात सगळेच एमबीए निघाले म्हणून सीएफए. त्याच्या तीन पातळ्या. पातळी आली की लग्नकार्यं बंद, क्रिकेट बंद, आई दुधात बदाम घालते. इतकं करून नातेवाइकांचा प्रश्न ठरलेला : "सीए जमलं नाही वाटतं?" याचं उत्तर द्यायला पार मुळापासून सुरुवात करावी लागते, आणि तोवर मामा जिलबीकडे वळलेले असतात. शिवाय सेबीने 2014 साली रिसर्च अॅनालिस्टांसाठी नियमावली आणली, त्यामुळे एनआयएसएमची परीक्षाही देणं आलं. या सगळ्यातून पार पडला की तो 'असोसिएट' होतो. म्हणजे ज्याच्या नावाने अहवाल निघतो, त्या सीनिअरची एक्सेल फाइल सांभाळतो.

सेक्टर सहसा कुणी निवडत नाही. आदला माणूस नोकरी सोडून जातो आणि त्याचं सिमेंट तुमच्या टेबलावर येतं. ज्या मुलाने आयुष्यात घराची साधी भेगही बुजवलेली नाही, तो महिनाभरात चुनखडी, पेटकोक, रेल्वेचं भाडं आणि चंद्रपूरच्या भट्ट्या यांवर अधिकारवाणीने बोलू लागतो. त्याच्या फाइलीला 'मॉडेल' म्हणतात. त्यात माउस वापरणं हलकं समजतात. कीबोर्डवरून बोटं उचलली की सीनिअर मान वर करून बघतो. रात्री एक वाजता ताळेबंद जुळत नाही. फरक 0.37 कोटींचा. कंपनी हजारो कोटींची, पण फरक तो फरक. तो सापडेपर्यंत डोंबिवलीची शेवटची गाडी कधीच गेलेली असते. मात्र सकाळी मॉडेल ठणठणीत सांगतं की मार्च 2028 अखेर या कंपनीचा प्रतिशेअर नफा 47.63 रुपये असेल. त्रेसष्ट पैसे! उद्याची आठ-बारा किती मिनिटं लेट धावेल हे खुद्द मध्य रेल्वेला सांगता येत नाही, आणि हा त्रेसष्ट पैसे सांगतो. तरुणपणी माणसाचा दशांशावर फार विश्वास असतो.

टेबलावर बसून सगळं कळत नाही म्हणून 'चॅनल चेक' करायचा असतो. मराठीत सांगायचं तर दुकानदारांना फोन.

"नमस्कार शेठ, सिमेंटचा भाव काय चाललाय?"

"किती पोती?"

"पोती नकोत. नुसता भाव हवाय."

"नुसता भाव कशात कालवणार?"

शेवटी जळगावचा तो शेठ दया येऊन सांगतो. भाव दोन असतात. एक बिलावरचा आणि एक महिनाअखेरीला क्रेडिट नोट येऊन उरतो तो. कंपनीने एक तारखेला पोत्यामागे 20 रुपये वाढवलेत खरे, पण पंधरा तारखेपर्यंत ते परत खाली येतील, दर वेळी येतात. "आणि पावसाळ्यात कोण बांधतंय हो?" पन्नास किलोचं पोतं, टनात वीस पोती. म्हणजे पोत्यामागे 10 रुपये इकडचे तिकडे झाले की टनामागे 200 रुपये हलतात आणि सगळं मॉडेल अंगावर येतं. शेठला हे माहीत नसतं. असोसिएट तीन मजली इंग्रजीत लिहितो की आमच्या सखोल चॅनल चेक्सनुसार पश्चिम विभागात भाववाढ टिकण्याबाबत साशंकता आहे. मला विचाराल तर त्या ऐंशी पानी अहवालात एवढं एकच वाक्य खरं असतं, आणि ते जळगावचं असतं.

त्याच्या घरात सणवार तिमाहीवर चालतात. सप्टेंबरअखेरचे निकाल जाहीर करायला कंपन्यांना 45 दिवस मिळतात आणि दिवाळी नेमकी त्यात सापडते. बड्या बँका तर शनिवारी निकाल लावतात, त्यामुळे बँका सांभाळणारा अॅनालिस्ट चुलतबहिणीच्या हळदीत कानात इअरफोन घालून उभा असतो. बायकांना वाटतं, मॅच बघतोय. लक्ष्मीपूजनाला तासाभराचा मुहूर्ताचा व्यवहार, त्याआधी प्रत्येक ब्रोकरचे 'दिवाळी पिक्स' निघायलाच हवेत. चकलीचा घाणा उतरतो तेव्हा हा आतल्या खोलीत पिक्सची यादी पुरी करत असतो.

आणि मग कॉनकॉल. निकालानंतर कंपनीचे अधिकारी फोनवर येतात, देशभरचे अॅनालिस्ट कान लावून बसतात. प्रश्न विचारायचा तर स्टार आणि एक दाबायचं. नंबर लागला की पहिलं वाक्य वेदमंत्रासारखं ठरलेलं : 'काँग्रॅच्युलेशन्स ऑन अ गुड सेट ऑफ नंबर्स.' नफा दुप्पट झाला तरी हेच. निम्मा झाला तर मात्र जरा विचार करून 'अवघड परिस्थितीतही टिकाव धरल्याबद्दल' अभिनंदन करायचं. तोट्याबद्दल अभिनंदन करणारा हा जगातला एकमेव व्यवसाय असावा. पुढे 'सर, माझे दोनच प्रश्न' म्हणायचं, आणि पहिल्याच प्रश्नाला अ, ब, क, ड असे पोटप्रश्न काढायचे.

काही वर्षांत असोसिएटचा अॅनालिस्ट होतो, अहवालावर नाव येतं, आणि पहिला बदल होतो तो आकड्यांत. टार्गेट प्राइस 1,187.40 निघाली तर तो ती 1,190 करतो. एव्हाना त्याला किल्ली सापडलेली असते. पुढच्या दहा वर्षांची आवक मांडायची, आणि त्यापुढची अनंत काळाची आवक एका ओळीत गुंडाळायची. बहुतेकदा निम्म्याहून जास्त किंमत त्या एका ओळीत असते. ती आवक आजच्या किमतीत आणायचा दर साडेअकराचा अकरा केला की टार्गेट वर, बारा केला की खाली. शेअरने टार्गेट गाठलंच तर मूल्यांकन पुढच्या वर्षाच्या नफ्यावर न्यायचं. त्याला 'रोल फॉरवर्ड' म्हणतात. मग पुन्हा वीस टक्के शिल्लक निघतात.

एवढं करूनही शेअर खरंच कुठे जाईल ते त्याला माहीत नसतं, पण सोसायटीतल्या कुणाला हे पटत नाही. गच्चीवरच्या कोजागरीला दुधाचा ग्लास हातात यायच्या आत जोशीकाका गाठतात.

"अरे, एखादा सांग ना. कानात सांग."

"काका, तसं सांगता येत नाही. कंप्लायन्स असतं."

"मग तू काय घेतलंयस तेवढं सांग."

तेही अवघड. ज्या शेअरवर तो लिहितो, त्यात अहवालाआधी 30 दिवस आणि नंतर 5 दिवस त्याला व्यवहार करायला सेबीची बंदी आहे, आणि स्वतःच दिलेल्या सल्ल्याच्या उलट तर वागताच येत नाही. तिमाही निकाल, मधले अहवाल, सगळे दिवस वजा जाता हातात काय उरतं याचा हिशेब त्याने एकदा करून पाहिला आणि बायकोच्या सल्ल्याने इंडेक्स फंडात एसआयपी लावली. काकांना हे सांगितलं तर त्यांना वाटतं, पोरगं भलतंच पोचलेलं आहे, ताकास तूर लागू देत नाही.

'विका' हा शब्द त्याला लिहिता येत नाही असं नाही, पण हात जड होतो. 'विका' लिहिलं की कंपनीचा फोन लागत नाही, कॉनकॉलवर स्टार-एक दाबून बोट दुखलं तरी नंबर येत नाही. ज्या फंडांनी तो शेअर भरून ठेवलाय ते रागावतात ते वेगळंच. शिवाय आपल्याच कंपनीतले इन्व्हेस्टमेंट बँकिंगवाले त्या उद्योगसमूहाच्या पुढच्या आयपीओवर टपून बसलेले असतात. म्हणून 'रिड्यूस', 'न्यूट्रल', 'होल्ड' हे सभ्य शब्द निघाले. अमेरिकेत एन्रॉन डिसेंबर 2001 मध्ये बुडाली, त्याच्या काही आठवडे आधीपर्यंत बहुतेक अॅनालिस्ट 'घ्या'च म्हणत होते. पुढे 2003 साली वॉल स्ट्रीटवरच्या दहा बड्या संस्थांना असल्या साटंलोट्यापायी सुमारे 1.4 अब्ज डॉलर मोजावे लागले. आमचा अॅनालिस्ट हा इतिहास सीएफएला पाठ करून आलेला असतो. तरी हात जड होतोच.

सीनिअर झाला की एक्सेल सुटतं आणि फोन चिकटतो. आता तो 'हाय सिंगल डिजिट वाढ' असं बोलतो; आकडा विचारणाऱ्याकडे कीव केल्यासारखं बघतो. त्याचं मुख्य काम म्हणजे फंड मॅनेजर आणि कंपनीचे मालक यांची गाठ घालून देणं. पंचतारांकित हॉटेलात परिषद भरते, आणि तीन पातळ्या पार केलेला हा गृहस्थ हातात यादी घेऊन खोलीच्या दारावर टकटक करतो : वेळ संपली, पुढच्यांना आत घ्या. वर्षातून एकदा मासिकांच्या अॅनालिस्ट-क्रमवारीसाठी फंडवाल्यांकडे मतं मागायची. तेव्हा त्याचा आवाज ऐकावा. वॉर्डातला नगरसेवकही फोनवर इतका गोड बोलत नाही. मतांवर दलाली, दलालीवर बोनस. संशोधनाची वेगळी किंमत कुणी देत नाही. युरोपात जानेवारी 2018 पासून ती वेगळी मोजायचा नियम आला आणि बऱ्याच ग्राहकांची वाचनाची आवड एकाएकी ओसरली.

यापुढे वाट फुटते. काहीजण हेड ऑफ रिसर्च होतात आणि टीव्हीवर चौकटीत येतात. तिथे 'आम्ही या क्षेत्राबद्दल कन्स्ट्रक्टिव्ह आहोत' एवढं बोलून भागतं. आई शेजारणींना बोलावून दाखवते. बँकेचा विषय आपोआप मागे पडतो. काही बाय-साइडला, म्हणजे फंडाकडे जातात. काल ज्यांना 'सर, पाच मिनिटं' म्हणून विनवायचा, त्यांच्यात जाऊन बसला की जुने दोस्त त्याला सर म्हणू लागतात, आणि तो त्यांचे अहवाल न उघडता पुसायला शिकतो.

आमचा सिमेंटवाला यांपैकी कशातच गेला नाही. ज्या कंपनीवर तो वर्षानुवर्षं लिहायचा, तिनेच त्याला इन्व्हेस्टर रिलेशन्सला बोलावून घेतलं. आता कॉनकॉलला तो पलीकडच्या बाजूला, वित्त-प्रमुखांच्या शेजारी बसतो. समोरून अभिनंदन आलं की गंभीरपणे मान हलवतो, पश्चिम विभागातल्या भावाचा प्रश्न आला की चिठ्ठी सरकवतो : 'आकडा नको.' परवा कॉल संपल्यावर त्याच्या जुन्या जागेवरच्या असोसिएटचा फोन आला.

"सर, मी पुढच्या वर्षी खपात 7.25 टक्के वाढ धरलीय. बरोबर आहे का?"

"ते मला सांगता येणार नाही रे, कंप्लायन्स."

"नाही, म्हणजे अंदाजे..."

"अंदाजेच हवंय ना? मग ते पॉइंट पंचवीस तेवढं काढून टाक. लहान वाटतोस."