त्रिगुणी आणि चौथा गुण

मूल ५-६ वर्षांचं झालं की त्रिगुणी लशीचा दुसरा बूस्टर देतात. घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात या तिघांचा बंदोबस्त अर्ध्या मिलीलिटरमध्ये होतो. त्या अर्ध्या मिलीलिटरपर्यंत मूल नेऊन पोचवणं हे पालकांचं काम, आणि त्याला लागणारा संयम मात्र बाटलीतून मिळत नाही. तो कुठे मिळतो, याचं हे शास्त्रोक्त मार्गदर्शन. लेखिकेची पात्रता: मुलगा साडेपाच, मुलगी तीन, रिक्षा एक.

पूर्वतयारी निदान दोन वर्षं आधी सुरू करावी. म्हणजे ‘भाजी संपव, नाहीतर डॉक्टरकाका सुई टोचतील’ हे वाक्य घरातून हद्दपार करावं. आमच्याकडे ते सासूबाई बोलतात, मी बोलते, एकदा गॅस सिलिंडर द्यायला आलेला माणूसही बोलून गेला. ज्याचा इतकी वर्षं बागुलबुवा केला, त्याच्याच शेजारी स्टुलावर हसत बसायला सांगितलं की पोर आपल्याकडे ज्या नजरेनं बघतं ना, ती नजर रास्तच असते.

कुठे चाललोय हे कधी सांगावं? आदल्या रात्री सांगितलं तर चर्चासत्र पहाटेपर्यंत चालतं. रिक्षात सांगितलं तर रिक्षावाल्याला लवाद नेमावं लागतं. मी ‘बागेत’ असं सांगून पाहिलंय. ते एकदाच चालतं. पुढे सहा महिने मूल बागेतसुद्धा येत नाही.

दवाखान्यात आपला नंबर १७ असतो आणि आत ६ वा गेलेला असतो. बालरोगतज्ज्ञांनी बाहेर माशांची पेटी का ठेवलेली असते, ते मासे सोडून सगळ्यांना ठाऊक आहे. वजनकाटा मात्र कुणी उघड्यावर ठेवू नये. माझी मुलं त्यावर आधी एकेकटी, मग दोघं मिळून, मग फक्त चपला, आणि शेवटी समोरच्या काकूंची पिशवी अशी क्रमानं चढवतात. पिशवी सव्वातीन किलो भरली. त्यात रिपोर्ट किती आणि वांगी किती, हे काकूंनी सांगितलं नाही. ‘पोरांनो, हे खेळणं नाही,’ असं म्हणण्यात अर्थ आहे: तापाच्या पॅरासिटामॉलचा डोस वजनावरून ठरतो, किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. पण ही माहिती सांगून कुठलंही मूल काट्यावरून उतरल्याचं मी पाहिलेलं नाही.

साधारण चाळिसाव्या मिनिटाला घरून आणलेला संयम संपतो. दीर्घ श्वास घेऊ नये, दवाखान्यात सगळ्यांना सर्दी असते. दाराकडे बघत बसावं. दार उघडतं आणि कुणाचं तरी एक पोर आत येतं, जे आईचा मोबाइल माशांच्या पेटीत पोहायला सोडतं. त्या क्षणी आपल्या अंगात जो गारवा पसरतो, तोच संयम. दुसरा साठा मला तरी सापडलेला नाही. चेहऱ्यावर फक्त सहानुभूती ठेवावी. १४ नंबरच्या बाई मघापासून माझ्याकडे इतक्या मायेनं का बघत होत्या, हे मला तेव्हा कळलं.

आत गेल्यावर ‘काही दुखत नाही हं’ म्हणू नये. मी म्हटलं, “मुंगी चावल्यासारखं होतं.”

“लाल की काळी?” चिरंजीवांनी विचारलं.

मी गडबडले. काळी म्हणावं तर पुढच्या सेकंदाला खोटी पडणार. डॉक्टरांनी सिरिंज भरता भरताच उत्तर दिलं, “लाल. पण लहान.”

त्यानं दंड पुढे केला. ‘आई गं’ एकदा झालं, कापूस दाबला, वर पट्टी लागली. अडीच तासांच्या मोहिमेतला हा भाग दहा सेकंदांचा.

लस दिल्यावर अर्धा तास बाहेर बसायचं असतं, तेव्हा आम्ही बाहेर बसलो. मुलानं बाही वर करून पट्टी सगळ्या बाकांना दाखवली. आणि तिकडे, जिला कुणी बोटही लावलं नव्हतं, त्या मुलीनं जमिनीवर आडवं होऊन टाहो फोडला, “मला पण टुचुऽऽक!”

मी तिला उचलायला वाकले. समोरच्या बाकावर नुकत्याच येऊन बसलेल्या एक बाई माझ्याकडे फार मायेनं बघत होत्या.