हॅरोत संकासूर

हॅरो, लंडन
25 ऑगस्ट 2024

ती. आबा व ती. आई यांस,
सूनबाईचे सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, "पिक्चर कसो होतो?" हा आबांचा प्रश्न गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तसाच राहिला. आईंचा फोन कायम स्पीकरवर, पडवीत शेजारची दोघं-चौघं पान लावत बसलेली, आणि 'डेडपूल अँड वुल्व्हरिन' या सिनेमातला जवळजवळ एकही विनोद चारचौघांत सांगण्यासारखा नाही. म्हणून हा कागद. घरातल्या प्रत्येकानं आपलं मत नोंदवलं असून सूनबाईनं ते जसंच्या तसं, मधेमधे गाळून, उतरवून घेतलं आहे.

सिनेमा इथं 25 जुलैला लागला. घरातून चौघं गेली: तुमचे चिरंजीव, थोरली नात, सूनबाई, आणि सध्या मुक्कामाला आलेले भाऊकाका. धाकट्याला शेजारच्या गुजराती काकूंकडं सोडावं लागलं. इथल्या सेन्सॉरनं सिनेमाला '15' दिलं आहे आणि इथं पंधरा म्हणजे पंधरा. आईबाप दोन्ही बाजूंना बसले तरी तेरा वर्षांच्या पोराला आत सोडत नाहीत. अमेरिकेत हाच सिनेमा 'आर', म्हणजे सतराच्या आतलं पोर मोठ्या माणसाबरोबर जाऊ शकतं. आपल्याकडं 'ए', म्हणजे सरळ अठरा. थोरली सोळाची. भाऊकाकांनी हा सगळा हिशेब तिकिटाच्या रांगेत शांतपणे ऐकून घेतला आणि विचारलं, "म्हणजे आमचा चेडू हयसर शाणा, नि गावाक गेला की अजाण?"

रांगेत कोणाकडंच याचं उत्तर नव्हतं.

कथा सांगायची तर ती फारशी नाही. लाल कपडे, तोंडावर मुखवटा, मारला तरी मरत नाही असा एक वटवट्या भाडोत्री मारेकरी, तो डेडपूल; रायन रेनॉल्ड्स. पिवळ्या कपड्यांतला, मुठीतून सुरे काढणारा, कमी बोलणारा आणि जास्त पिणारा, तो वुल्व्हरिन, ह्यू जॅकमन. दोघं एकमेकांना शिव्या देत आणि भोसकत डेडपूलचं जग वाचवतात. दोघांच्याही जखमा आपोआप भरून येतात, त्यामुळं भोसकणं हा इथं गप्पांचाच एक प्रकार समजावा. दिग्दर्शक शॉन लेव्ही.

पंचाईत सुरुवातीलाच झाली. हा वुल्व्हरिन 2017 सालच्या 'लोगन'मध्ये रीतसर मेला आहे, प्रेक्षक रडले आहेत. तर सिनेमा सुरू होतो तोच डेडपूल त्याची कबर उकरतोय. आत सापडतो धातूचा सांगाडा. एवढ्यात शत्रू येतात, आणि हा गडी त्या सांगाड्याचीच हाडं उचलून, एका नाचऱ्या गाण्याच्या तालावर, समोर येईल त्याला त्या हाडांनी भोसकत सुटतो. सगळं थिएटर हसतंय, थोरली खुर्चीत उड्या मारतेय, आणि तुमच्या चिरंजिवांनी हळूच भाऊकाकांकडं बघितलं. श्राद्धपक्ष काटेकोर पाळणारा माणूस. काका पुढं वाकून बघत होते. मग म्हणाले, "दिवस तरी घातले होते काय रे त्याचे?" आणि असे हसले की पुढच्या रांगेतल्या बाईनं मागं वळून पाहिलं.

आता मतांकडं.

थोरलीचं मत असं की सिनेमा उत्तम आहे, पण कळायला अभ्यास लागतो. तिनं आदल्या रात्री काकांसाठी कागदावर चक्क वंशावळ काढली होती. मूळपुरुष 'एक्स-मेन', सन 2000, जॅकमन पहिल्यांदा वुल्व्हरिन झाला तो. हे सगळं घराणं फॉक्स कंपनीचं. 2019 साली डिस्नेनं फॉक्सचा मोठा हिस्सा विकत घेतला आणि ही पात्रं एका घरातून दुसऱ्या घरात आली. सिनेमाचा अर्धा विनोद या दत्तकविधानावर आहे. एका उजाड वाळवंटात फॉक्सचं ते प्रसिद्ध बोधचिन्ह अर्धं गाडलेलं दिसतं. फॉक्सच्या काळातली विसरलेली पात्रं तिथं धूळ खात पडलेली. 'ब्लेड'वाला वेस्ली स्नाइप्स येतो. चॅनिंग टेटम येतो, तोही अशा भूमिकेत की जिच्यावरचा सिनेमा ठरून कधी बनलाच नाही. ख्रिस इव्हान्स येतो तेव्हा लोकांना वाटतं कॅप्टन अमेरिका आला. निघतो तो 2005 च्या 'फँटॅस्टिक फोर'मधला आगलाव्या पोरगा. डेडपूल मधूनच कॅमेऱ्याकडं वळून प्रेक्षकांशी बोलतो, नव्या मालकांचे सध्या वाईट दिवस चाललेत हे बिनदिक्कत सांगतो, जॅकमनच्या खऱ्या घटस्फोटालाही सोडत नाही.

सूनबाईचं मत इथं थोडं वेगळं पडलं. तिला सिनेमा पाहताना लग्नानंतरच्या पहिल्या चतुर्थीची आठवण झाली. सगळं घर एका जुन्या गोष्टीवर पोट धरून हसतंय, आणि नवी सून, गोष्ट ठाऊक नसताना, वाईट दिसू नये म्हणून हसतेय. फरक इतकाच की सासरी तिकीट पडलं नव्हतं. ज्याला मागचे वीस सिनेमे पाठ नाहीत त्याच्यासाठी मधली चाळीस मिनिटं म्हणजे पडद्यावर कोणीतरी येतंय आणि मागची पोरं किंचाळताहेत, एवढंच. तरीही शेवटी, नावं सरकताना, त्या जुन्या सिनेमांच्या चित्रीकरणाचे तुकडे दाखवतात. तरुण जॅकमन, पोरसवदा चेहरे, हसणं-खिदळणं. इतकी घाण बोलून झाल्यावर हे लोक एकदम घरगुती होतात. तेवढं तिला आवडलं.

तुमच्या चिरंजिवांचं मत घ्यायला दोन दिवस लागले. त्यांचा सगळा वेळ एका बाजूला लेक आणि दुसऱ्या बाजूला चुलते या पेचात गेला. घाणेरड्या विनोदाला हरकत नाही म्हणाले, आपण दादा कोंडक्यांच्या राज्यात वाढलो. आबा, इथं भाऊकाकांनी एक गुपित फोडलं: 1975 साली 'पांडू हवालदार' लागला तेव्हा तुम्ही लालबागहून तो दोनदा पाहून आलात आणि घरी एकदाच सांगितलंत. दादा आणि अशोक सराफ, दोन हवालदारांची जोडी. म्हणजे असली जोडगोळी आपल्याला काही नवीन नाही. दादांचं सेन्सॉरशी कायम वाजायचं आणि त्यांचं म्हणणं असे की वाक्य साधंच आहे, भलता अर्थ ऐकणाऱ्याच्या डोक्यात आहे. रौप्यमहोत्सवी सिनेमांची रांग लावून ते गिनीज बुकात गेले ते याच साध्या वाक्यांवर. चिरंजिवांचा सिद्धांत असा: दादांच्या विनोदाला दोन अर्थ असायचे, म्हणून बापलेकीला शेजारी बसून एकेक वाटून घेता यायचा. या डेडपूलच्या विनोदाला एकच अर्थ असतो, आणि तो दोघांना एकाच वेळी कळतो.

त्यांचं दुसरं म्हणणं गाडीबद्दल. एका प्रसंगात दोघं वीर एका होंडा ओडिसीत, म्हणजे पोराबाळांना शाळेत सोडायच्या गाडीत, एकमेकांवर तुटून पडतात. 'ग्रीस' सिनेमातलं जुनं प्रेमगीत वाजतंय आणि आत सुरे चाललेत. बाहेर कोणी पडत नाही. सीटा फाटतात, काचा जातात. भाऊकाका एसटीतून चालक म्हणून निवृत्त झालेले. त्यांना सिनेमातला हा एकच प्रसंग खटकला. "गाडी कोणाची ती?" त्यांनी दोनदा विचारलं.

एरवी भाऊकाका घरातले सगळ्यात समाधानी प्रेक्षक ठरले. शिव्या निम्म्या कळल्या नाहीत, वंशावळीचा कागद घरीच राहिला. पण मध्यंतर नसलेल्या त्या सिनेमातून बाहेर पडताना ते म्हणाले, "ह्यो आमचो संकासूर रे!"

मग बसमध्ये त्यांनी थोरलीला गिर्येच्या रामेश्वराच्या जत्रेपासून सुरुवात करून सगळा दशावतार समजावला. आधी आड दशावतार: गणपती, रिद्धिसिद्धी, भटजी, सरस्वती. मग तो येतो, काळ्या कपड्यात, डोक्यापासून गळ्यापर्यंत टोप, लाल कापडाची जीभ बाहेर. पुराणात त्यानं ब्रह्मदेवाचे वेद पळवलेत, विष्णू त्याला मारणार, हे त्याला ठाऊक आणि गावालाही ठाऊक. पण मरायच्या आधी त्याला वेळ असतो. त्या वेळात तो भटजीची फिरकी घेतो, मालवणीत भलतंसलतं बोलतो, समोर गोधडी पांघरून बसलेल्यांना नावानिशी ओढतो, सरपंचाला सोडत नाही. लिहिलेला शब्द नाही, रंगमंचावर सामान म्हणजे एक बाकडं, बाजूला पायपेटी, मृदंग आणि झांज. पडदा फोडून प्रेक्षकांशी बोलण्यासाठी मुळात पडदा लागतो. याच्याकडं तोही नाही. बायका, पोरं, म्हातारे, सगळे एकत्र बसून ऐकतात आणि कोणी कोणाचं वय विचारत नाही.

थोरलीला हे पटेना. डेडपूल स्वतःच्याच सिनेमाची टर उडवतो, तसं कुठं आहे? काकांना तेवढंच हवं होतं. वाघोटणची खाडी ओलांडून वर गेलं की राजापूर तालुक्यात माडबन. तिथले गंगाराम गवाणकर. गावातली हौशी मंडळी द्रौपदी वस्त्रहरणाचं नाटक बसवतात आणि त्या नाटकाचंच वस्त्रहरण होतं, ही गोष्ट. आधी त्याचं नाव होतं 'आज काय नाटक होवचा नाय'; पोस्टरवरच जाहीर करून टाकलेलं. 1980 साली ते 'वस्त्रहरण' होऊन आलं, सुरुवातीला लोक फिरकेनात, मग पुलंनी पाहिलं, भरभरून पत्र लिहिलं आणि गाडी सुटली ती 5000 प्रयोगांच्या पुढं. लंडनलाही येऊन गेलं. मच्छिंद्र कांबळींचा तात्या सरपंच महाभारताच्या मधे शिरून ज्या मालवणीत नटांना हाणायचा, ती मालवणी काकांनी भर बसमध्ये करून दाखवली. बस लंडनची असल्यानं अनर्थ टळला. 2018 सालच्या 'डेडपूल 2'ला हिंदीत रणवीर सिंगचा आवाज होता, ही चिरंजिवांची माहिती. काकांच्या मते मालवणीत केला असता तर आवाज एकाच माणसाचा शोभला असता, पण कांबळी 2007 सालीच गेले.

जेवताना मात्र वाद पेटला. सूनबाईनं एक शंका काढली. हा डेडपूल एवढा मालकांना शिव्या देतो, पण शिव्यांची यादी मालकांनीच मंजूर केलेली, वर पैसेही त्यांनीच घातलेले. सिनेमातच तो सांगतो की बाकी सगळं चालेल, फक्त कोकेनचं नाव काढायचं नाही असा वरून निरोप आहे. परवानगी घेऊन केलेली बंडखोरी ती. 20 कोटी डॉलरच्या आसपास खर्च, आणि महिन्याच्या आत एक अब्ज डॉलर पार. 'जोकर'ला मागं टाकून 'आर' सिनेमांत पहिला नंबर. अशा शिव्या कोणाला नकोत? टीकाकारांनीही हेच धरलंय. रॉटन टोमॅटोजवर त्यांचा आकडा ऐंशीच्या खाली, प्रेक्षकांचा नव्वदीच्या वर, आणि अमेरिकेत दारात उभं राहून जी मतं घेतात त्या सिनेमास्कोअरमध्ये चक्क 'ए'. संकासूर सरपंचाला बोलतो तेव्हा सरपंच समोर बसलेला असतो आणि त्याला काय ऐकावं लागणार हे आधी दाखवलेलं नसतं.

"आणि संकासुराक नारळ नि मानधन कोण देता?" तुमचे चिरंजीव म्हणाले. "देवस्थानच ना?"

भाऊकाका सोलकढीची वाटी तोंडाला लावून बसले. त्यांनी कोणाचीच बाजू घेतली नाही. सूनबाईचं मत कायम आहे. नारळ घेतला तरी संवाद कोणी तपासून दिलेला नसतो.

धाकट्याचं मत राहिलं. त्यानं सिनेमा पाहिलेला नाही आणि त्याला तो सगळा पाठ आहे. सगळ्या विनोदांचे तुकडे फोनवर येऊन गेलेत. त्याच्या मते सगळ्यात चांगलं काम कुत्रीनं केलंय. पेगी तिचं नाव, जीभ कायम बाहेर, डोक्यावर चार केस. 2023 साली ब्रिटनमधला सर्वांत कुरूप कुत्रा म्हणून तिनं बक्षीस मिळवलं आणि मग थेट सिनेमात. तिचा फोटो वेगळ्या पाकिटात घातला आहे. आईंनी तो जेवणाआधी पाहू नये.

बाकी क्षेम. 18 तारखेला विजयदुर्ग किल्ल्यावर हेलियम दिनाची गर्दी झाली असेल. चतुर्थीला, 7 सप्टेंबरला, यंदा येणं जमत नाही. त्याच आठवड्यात शाळा उघडतात. माटवीचं सामान नेहमीप्रमाणे चढवावं, पैसे पाठवले आहेत. भाऊकाका चतुर्थीच्या आधी घरी पोचतील. त्यांच्या बॅगेत आईंचं औषध आणि चहाचे डबे आहेत, चॉकलेटं वाटेत संपली तर त्यांना विचारावं.

नातवंडांचा नमस्कार.

सूनबाई

ता. क. मंगळवारी दुपारच्या खेळाला म्हाताऱ्यांना सवलत असते असं भाऊकाकांनी कुठूनतरी शोधून काढलंय. पुन्हा जायचं म्हणतात, आणि सोबत चिरंजिवांनीच यावं असा हट्ट आहे. चिरंजीव सोमवारपासून आजारी पडण्याच्या बेतात दिसतात.