वॉबलशास्त्री

मोटरसायकल वेगात असताना हॅण्डल आपोआप डावीउजवीकडे थडथडू लागलं की त्याला वॉबल म्हणतात. आणि गाडीला हात न लावता त्याचं कारण सांगणाऱ्या गृहस्थांना वॉबलशास्त्री. ताम्हिणीत, खंबाटकीच्या पायथ्याशी, आंबोलीत, जिथे म्हणून लांब पल्ल्याच्या गाड्या चहाला थांबतात तिथे हे शास्त्रीबुवा आढळतात. ओळखायला सोपे. मे महिन्यातही अंगात जॅकेट, गाडीला तीन पेट्या, आणि मागच्या पेटीवर लडाखमधल्या खारदुंगला खिंडीचं स्टिकर. त्यावर उंची 18,380 फूट. जीपीएसने मोजलेली उंची 5,359 मीटर, म्हणजे आठशे फुटांनी कमी. पण शास्त्रीबुवांचा छापील अक्षरावर विश्वास असतो. अपवाद एकच : टायरमध्ये हवा किती भरावी हे सांगणारं गाडीवरचं स्टिकर. ते त्यांनी वाचलेलं नसतं.

निदानाला आरंभ एका प्रश्नाने होतो. "किती स्पीडला मारते?" प्रश्न अगदी योग्य आहे. साठ-सत्तरवरून वेग उतरत असताना हॅण्डल सेकंदाला चार ते दहा वेळा थडथडत असेल, तर दोष बहुधा पुढच्या अंगाला : टायर, रिम, कोनसेट (ज्यावर हॅण्डल वळतं ते बेअरिंग). शंभराच्या आसपास अख्खी गाडीच सावकाश डुलत असेल, तर मागे बघायचं : हवा, चिमट्याचे बुश, शॉकअप, लादलेलं सामान. मात्र प्रश्न विचारल्यावर उत्तर ऐकण्याचा रिवाज शास्त्रीबुवांकडे नाही. समोरचा "दादा, ऐंशीच्या..." एवढंच म्हणतो आणि निकाल लागतो : "चासी आउट आहे."

त्यांचं निदान महागाकडून स्वस्ताकडे उतरतं. आधी चासी, मग फोर्क, मग इंपोर्टेड स्टिअरिंग डॅम्पर. डॅम्पर थरथर दाबतो आणि तिचं कारण आहे तिथेच ठेवतो, हे सांगायला कोणी तोंड उघडेपर्यंत नाना पेठेतल्या दुकानात फोन लागलेला असतो.

मिस्त्री नेमका उलट्या दिशेने जातो. पहिल्यांदा हवेचा गेज. मग टायरवर तळहात फिरवून बटणं एका अंगाने झिजली आहेत का ते पाहणं. मग गाडी मेन स्टँडवर, इंजिनाखाली लाकडी ठोकळा, पुढचं चाक अधांतरी. चाक फिरवून रिम आउट आहे का बघतो, पान्याने स्पोक वाजवत जातो. ढिला स्पोक बद्द बोलतो. नंतर उकिडवा बसून फोर्कची दोन्ही टोकं धरतो आणि पुढेमागे हलवतो. आतून 'टक्' आलं तर कोनसेट ढिला. शेवटी एका बोटाने हॅण्डल या टोकापासून त्या टोकापर्यंत नेतो. बरोबर मधोमध, जिथे ते सरळ चालताना असतं तिथेच, क्षणभर अडकलं, तर छऱ्यांनी वाट्यांत खड्डे पाडलेले आहेत. असा कोनसेट कसून भागत नाही, बदलावा लागतो. एवढ्या वेळात शास्त्रीबुवांचे दोन चहा आणि लडाखचा पूर्वार्ध झालेला असतो.

स्वतःच्या गाडीचा कोनसेट मात्र ते कसतातच, आणि हात राखून कसणं त्यांच्या स्वभावात नाही. जास्त आवळलेल्या कोनसेटमुळे हॅण्डल जड होतं, गाडी कमी वेगातही सरळ राहत नाही, आपल्या मनाने भटकते. त्यावर शास्त्रीबुवा समाधानाने म्हणतात, "बघा! चासी. मी केव्हाचा सांगतोय."

या गाडीचा खरा रोग पेट्यांत असतो. तंबू, शेगडी, जादा ट्यूब, पाना सेट आणि डिंकाचे लाडू, सगळं मागच्या चाकाच्याही मागे टांगलेलं. मागे भार गेला की पुढचं चाक हलकं होतं आणि थडथडायला मोकळं होतं. त्यात हवा. लडाखात हुंदरच्या वाळूसाठी काढलेली हवा परत भरायची राहून गेलेली असते. ती काढली नसती तरी लेहच्या साडेतीन हजार मीटरवर बरोबर दिसलेलं टायर पुण्यात चारेक पीएसआय कमी दाखवतं, कारण गेज बाहेरच्या हवेशी तुलना करून आकडा देतो. शास्त्रीबुवा हवा अंगठ्याने दाबून बघतात. टायर कडक लागतं. तसं ते प्रत्येकच टायर लागतं.

चालू गाडीत वॉबल आलंच तर काय करायचं, यावरही त्यांचं ठाम मत आहे : "पिळायचा अ‍ॅक्सिलरेटर, आपोआप जातं." ऐकू नये. अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू सोडावा, गुडघ्यांनी टाकी घट्ट धरावी, अंग पुढे झुकवावं, हॅण्डल धरावं पण त्याच्याशी झुंजू नये, आणि पुढचा ब्रेक करकचून दाबू नये. दोन्ही हात सोडून वॉबल दाखवण्याचं प्रात्यक्षिक शास्त्रीबुवा हायवेवर करतात. तेव्हा त्यांच्या मागे आपली गाडी ठेवू नये.

एरवी माणूस सोबतीला उत्तम. रस्ते पाठ, लाडू सढळ, पंक्चर झालं तर रात्री अकरालाही थांबणारा. गाडी त्यांना जरूर दाखवावी, सल्ला पूर्ण ऐकून घ्यावा, आणि निघताना पहिल्या पंक्चरवाल्याकडे हवा तपासून घ्यावी.