थोडुं अ‍ॅडजस्ट करी लो ने

बडोद्यात न्यायमंदिरापाशी रिक्षाच्या मागच्या सीटवर आम्ही तिघे आधीच मांडीला मांडी लावून बसलो होतो. रिक्षावाल्याने मान वळवली. "काका, थोडुं अ‍ॅडजस्ट करी लो ने." चौथा चढला.

काय अ‍ॅडजस्ट करायचं, ते कोणी सांगितलं नाही. 'सरका' म्हणाला असता तर 'कुठे?' असं विचारता आलं असतं. इंग्रजीत चष्मा अ‍ॅडजस्ट करतात, घड्याळ करतात, सायकलची सीट करतात. आपल्याकडे या क्रियापदाचं कर्म गळालं, भोग तेवढे उरले.

घरी येऊन व्युत्पत्ती काढली. मूळ लॅटिन 'जक्स्टा', म्हणजे जवळ. फ्रेंचमधून येताना 'जस्ट', म्हणजे न्याय्य, याच्याशी लोकांनी त्याची सोयरीक लावली, तीही गैरसमजाने. थोडक्यात, शब्दातली दाटी अस्सल आणि न्याय उसना. आणि हा शब्द भेटला कुठे, तर न्यायमंदिरापाशी, जिथून कोर्टानेही केव्हाच मुक्काम हलवलाय!

याच शहरात 1931 साली 'शासनशब्दकल्पतरू' छापला गेला. इंग्रजी धरून आठ भाषांत कारभाराचे शब्द. केवढा खटाटोप! आता एकावरच भागतं. नळाला पाणी नाही, अ‍ॅडजस्ट. कागदावरची सहा फुटी बाल्कनी प्रत्यक्षात चार फूट, अ‍ॅडजस्ट. परवा भाचीला स्थळ आलं. मुलाच्या आईने चिवड्यातले शेंगदाणे वेचता वेचता विचारलं, "मुलगी अ‍ॅडजस्ट करणारी आहे ना?" मी म्हटलं, "आणि मुलगा?" "छे हो, त्याला पहिल्यापासून तव्यावरची गरम पोळीच लागते." इथे माझं डोकं सणकलं. अहो, शिकलेली, कमावती मुलगी ती, सैल झालेला नट नव्हे की तुम्ही पाना घेऊन पिळायला यावं! तुमच्या पोळीसाठी तिने नोकरी, झोप आणि माहेर अ‍ॅडजस्ट करायचं, आणि तुमच्या चिरंजीवांनी पोळीचं तापमानसुद्धा नाही? बहिणीने माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांनीच म्हणाली, दादा, अ‍ॅडजस्ट कर.

त्याच रागात परतीची रिक्षा केली. उतरताना वीस व्हायचे, मी पंधरा दिले आणि म्हटलं, "थोडुं अ‍ॅडजस्ट करी लो ने."

"शुं? पांच रूपिया?"

कर्म त्याला लगेच सापडलं.