परभणीची दुसरी वेलांटी

बॅटरीला प्रोग्रॅम कशाला लागतो, असं कुणी विचारलं की मी लगेच उत्तर देत नाही. आधी खिन्न हसतो. मग खिशातली बोटभर बॅटरी काढून तिचं बटण ठरावीक पद्धतीनं दाबतो. ती चारदा लुकलुकते, थांबते, पुन्हा एकदा लुकलुकते. ‘चार पूर्णांक एक व्होल्ट!’ मी जाहीर करतो. समोरचा म्हणतो, ‘लूज कनेक्शन असंल.’

ज्या चिपच्या जिवावर ही मिजास चालते तिचं नाव एटीटायनी13ए. आठ पायांची, नखावर मावणारी. प्रोग्रॅमला जागा 1 किलोबाइट. जगातले बॅटरीचे शौकीन अँडुरिल नावाचं फर्मवेअर, म्हणजे चिपमधला प्रोग्रॅम, वापरतात. टॉयकीपर या नावानं ओळखल्या जाणाऱ्या बाईंनी ते लिहिलं आणि टोल्कीनच्या कादंबरीतल्या तलवारीचं नाव त्याला दिलं. त्यात मेणबत्तीची थरथर आहे, विजांचं वादळ आहे. ते माझ्या चिपमध्ये शिरतही नाही. मला तलवार परवडत नाही, मी विळ्यावर भागवतो.

चालू कामासाठी या चिपला मेमरी आहे 64 बाइट. 64 बाइट म्हणजे किती, ते सांगतो. नको म्हणालात तरी सांगणारच आहे, कारण हे मी भेटेल त्याला सांगतो. देवनागरीतलं एकेक चिन्ह संगणकात साधारणपणे 3 बाइट खातं. काना वेगळा, वेलांटी वेगळी, जोडाक्षरासाठी मोडलेला पायही वेगळा. आता आमच्या जिल्ह्याचं ब्रीद घ्या : ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’. मोजा. चिन्हं 21, त्यांचे 63 बाइट. तीन मोकळ्या जागा आणि एक स्वल्पविराम यांचे 4. एकूण 67. तीन बाइट जास्त होतात आणि नेमकी परभणीची दुसरी वेलांटी बाहेर राहते. जर्मनी सहीसलामत आत, आणि आपण ‘परभण’! स्वल्पविराम काढून पाहा, 66. मोकळ्या जागाही काढल्या तर मात्र 63 मध्ये बसतं, वर एक बाइट शिल्लक राहतो. पण मग ते ब्रीद राहत नाही, यात्रेच्या दिवसांतली एसटी होते. प्रोग्रॅमच्या अख्ख्या 1024 बाइटांत घातली तरी 341 चिन्हं मावतात. आमच्याकडच्या लग्नपत्रिकेत तेवढ्यात मुलाच्या मामांपर्यंतसुद्धा पोचता येत नाही.

या 64 बाइटांतल्या एकावर माझा विशेष जीव आहे. मागचं बटण अर्धं दाबून सोडलं की वीज तुटते आणि चिप बेशुद्ध पडते. पण वीज क्षणभरच तुटली असेल, तर त्या बाइटात लिहिलेलं अजून पुसलेलं नसतं. शुद्धीवर येताच चिप आधी तेवढंच तपासते, काही आठवतंय का? आठवत असेल तर मालकानं नुसतं टिचकवलंय, पुढचा उजेड दे. आठवत नसेल तर दिवा बराच वेळ बंद होता, पहिल्यापासून सुरू कर. मी हे समजावून सांगतो तेव्हा माझा आवाज जरा घोगरा होतो, असं बायको म्हणते.

माझ्या शेतकरी काकांसाठी मी अशीच एक बॅटरी केली. काकांना यातलं काही नको होतं. त्यांना झोत हवा होता. शेजारच्या आखाड्यावरच्या, म्हणजे शेतातल्या वस्तीवरच्या, बॅटरीच्या डब्यावर दोन किलोमीटर छापलंय. ‘आपली किती?’ मी खरा आकडा सांगितला. काकांनी बॅटरी पंच्याच्या टोकाला बांधली आणि विषय बदलला. पूर्ण झोत फार वेळ ठेवला तर एवढीशी वस्तू तापून हात पोळेल, म्हणून माझा प्रोग्रॅम उजेड सावकाश निम्म्यावर आणतो. निम्मा झालेला उजेड डोळ्याला निम्मा वाटत नाही, जेमतेम कमी वाटतो. तोच हळूहळू उतरला तर पत्ताही लागत नाही. ‘रातभर एकच झोत, जरा बी कमी व्हत नाही!’ असं काका पारावर सांगतात. मी शेजारी बसून नम्रपणे जमिनीकडे पाहतो. माझ्या लबाडीची इतकी जाहीर तारीफ दुसरं कोण करणार?

पण शौकिनांच्या बॅटऱ्या तंबूत किंवा डोंगरावर जातात, काकांची दातात असते. शेतीपंपाची थ्री-फेज लाईट पाळीनं येते. रात्रीची पाळी आली की गव्हाला पाणी द्यायला, दारं धरायला मध्यरात्री उठायचं. दोन्ही हात खोऱ्यावर, पाय चिखलात, बांधाला घोणस असू शकते. अशा माणसानं बटण कितीदा दाबायचं आणि कितव्यांदा धरून ठेवायचं? सेल साधारण 2.8 व्होल्टवर उतरला की दिवा बंद करावा, असा या धंद्यातला नियम आहे. त्यानं वाचतो. सेल. म्हणून काकांची बॅटरी बरीच आधीपासून एकेक पायरी मंद होत जाते आणि आखाड्यापर्यंत परतण्यापुरता उजेड राखून ठेवते. या रात्रीच्या पाळीवर सरकारी तोडगाही आहे : मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना, 2017 ची. 2023 मध्ये तिची 2.0 निघाली, फर्मवेअरसारखीच. सूर्य दिवसाच उगवत असल्यानं पाणीही दिवसा द्यावं, असा साधा हिशेब. तो आमच्या शिवारापर्यंत पोचला की माझी ही सगळी कारागिरी फळीवर पडेल. पडू दे. सत्तरीतल्या माणसाला थंडीत रात्री दोनला उभं करायचं आणि आपण त्याच्या तोंडातल्या दिव्याचे मिलिअँपिअर वाचवल्याचा अभिमान बाळगायचा, याची मला कधीकधी फार चीड येते.

मंद होण्याच्या त्या पायऱ्या प्रोग्रॅममध्ये बसवायला जागा हवी होती. एसओएसची लुकलुक काढली. आमच्या शिवारात काका संकटात असले तर हाक मारतात. व्होल्टची लुकलुकही त्यांच्या बॅटरीतून गेली. तरी थोडं कमी पडत होतं. प्रोग्रॅमच्या अगदी शेवटी मी एक ‘प’ लिहून ठेवलाय. परभणीचा. तो काही काम करत नाही, कुणाला दिसत नाही. बॅटरी उघडून चिपला चिमटा लावून वाचली तरच सापडेल. 3 बाइट खातो. तो पुसला असता तर काम तिथंच संपलं होतं. मी रात्रभर जागून एक भागाकार हुसकला, त्याच्या जागी बिट सरकवून भागवलं आणि ‘प’ला हात लावला नाही.

पहाटे काका शेतातून आले, खोरं भिंतीला टेकवलं आणि माझ्या डोळ्यांकडे पाहून म्हणाले, ‘तू कामून जागलास रे? तुला का दारं धरायची व्हती?’