हिंगाच्या डबीतला जंपर

लिनक्सवाल्याला बोलवावं लागत नाही. कुणाचं तरी मशीन अडलंय एवढं कानावर आलं की तो हजर. १९९९च्या सुमारास आमच्या गल्लीत असा एक होता. खांद्याला शबनम, तिच्यात मासिकाबरोबर फुकट आलेली सीडी, एक स्क्रू ड्रायव्हर आणि हिंगाची रिकामी डबी. डबीत जंपर, म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी प्लॅस्टिकची टोपणं. त्याचा हात लागलेल्या मशीनला आठवडाभर आमटीचा वास यायचा.

माझ्या मशीनवर लिनक्स त्यानेच चढवलं होतं. मोडेमही त्याच्याच पसंतीचा. दुकानदार पुढे करत होता ते स्वस्तातलं कार्ड त्याने नाकारलं. "काका, हा विनमोडेम. ह्याचा मेंदू विंडोजकडे गहाण पडलाय." मग कुठूनसा जुना आयएसए मोडेम पैदा केला. तो डायल करायला लागला की माऊस जागच्या जागी थिजायचा.

"अहो, माऊस कॉम वनवर, मोडेम कॉम थ्रीवर, आणि दोघांचाही आयआरक्यू चार," तो खुशीत म्हणाला. कुणाच्या तरी घरातली भाऊबंदकी कळावी तशी ती खुशी. "दोन बिऱ्हाडं, दाराला घंटा एकच. वाजली की कोणी उठायचं?"

चहा झाकून ठेवायला सांगून तो टेबलाखाली शिरला. जंपर पाचवर नेला, तर तिथे साउंड कार्ड आधीच ठाण मांडून. सात प्रिंटरचा. पुढचं त्याला आठवेना, म्हणून तो सायबर कॅफेत गेला आणि तिथल्या विंडोजवर बसून लिनक्सची माहिती फ्लॉपीवर उतरवून आणली. मी काही बोललो नाही. भक्ताला देवळाबाहेर शेंगदाणे खाताना बघितलं तरी बोलू नये.

अखेर बायॉसमध्ये शिरून त्याने रिकाम्या कॉम टूला घरी बसवलं आणि मोडेमला त्याच्या जागी आणलं. आयआरक्यू तीन. "आता हा टीटीवायएस वन. लिनक्स शून्यापासून मोजतं, काका." मिनीकॉम उघडून त्याने 'एटी' टाइप केलं. पडद्यावर 'ओके' उमटलं. त्या दोन अक्षरांकडे तो असा बघत राहिला, की मला उगाचच तिथून उठावंसं वाटलं.

रात्री साडेअकराला नंबर फिरवला. मोडेम किंचाळला, खरखरला, जुळला. माऊसही हलत होता. तो पहिल्यांदाच खुर्चीला टेकला आणि गार चहाची कपबशी उचलली.

तेवढ्यात पडद्यावर 'नो कॅरियर'.

तो पुन्हा टेबलाखाली. जंपर तपासला, कार्ड दाबून बसवलं, डबी हुंगली. माजघरातल्या दुसऱ्या फोनचा त्याच्या यादीत कुठे पत्ताच नव्हता.

आतून आईचा आवाज आला, "अरे, एवढ्या रात्रीचं कोण फोन करतंय? नुसतंच खरखरतंय. मी ठेवून दिला हो!"